वॉकर : एका आडनावाचा अर्थ आणि अनर्थ

इ. स. १८०२ साली बडोद्याच्या आनंदराव गायकवाडांच्या साहाय्यार्थ मुंबई सरकारची फौज घेऊन जो अधिकारी गुजरातेत आला, पुढे बडोद्याचा रेसिडेंट झाला आणि १८०७ साली काठेवाडच्या संस्थानिकांच्या खंडणीची कायमची व्यवस्था ज्याने लावून दिली, त्याचे नाव अलेक्झांडर वॉकर. १८८२ साली मुंबईच्या किनाऱ्यावर मूठभर सोबत्यांनिशी उतरून मुक्तिफौजेचे कार्य हिंदुस्थानात ज्याने आरंभिले, त्याचे नाव फ्रेडरिक टकर. आणि वंगभंगानंतर, १९०५ साली, पूर्व बंगाल व आसाम या नव्या प्रांताचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर होऊन ज्याला वर्षाच्या आतच राजीनामा देऊन स्वदेशी परतावे लागले, त्याचे नाव बॅम्फिल्ड फुलर. आमच्या इतिहासाच्या वाचकांस ही तिन्ही नावे परिचित आहेत. या तिघांच्या आडनावांचा अर्थ मात्र एकच आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. वॉकर, टकर आणि फुलर हे तिन्ही शब्द मूळचे एकाच धंद्याचे. तो धंदा म्हणजे मागावरून उतरलेले लोकरीचे कापड पायांखाली तुडवून घट्ट करणे.

वॉकर म्हणजे चालणारा, असा अर्थ इंग्रजी तिसरीतला मुलगाही सांगेल, आणि तो चुकीचा सांगेल. परंतु मुलाच्या चुकीचे आम्हांस काही वाटत नाही. ज्या चुकीविरुद्ध आज लेखणी उचलावी असे आम्हांस वाटले ती थोरांची आहे, आणि तिच्यावर एक मोठा व्यापार उभा आहे. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत ‘तुमच्या आडनावाचा इतिहास’ विकत मिळतो. ठरलेले पैसे भरावेत. म्हणजे सोनेरी वेलबुट्टीचा एक कागद हाती येतो. त्यावर ढाल असते, ढालीवर काही पशू असतो, खाली एक बोधवचन असते, आणि शेजारी चार परिच्छेदांत ‘या प्राचीन घराण्या’चा उगम, पराक्रम व जगभर झालेला प्रसार वर्णिलेला असतो. अलीकडे त्याला नकाशाचीही जोड मिळाली आहे. कोणत्या परगण्यात हे आडनाव दाट आहे, तेथे गडद रंग. तेच म्हणे तुमच्या पूर्वजांचे आद्य वसतिस्थान.

या व्यापाराचे सर्व भांडवल तीन गृहीतांचे आहे. एक आडनाव म्हणजे एक घराणे, हे पहिले. त्या घराण्याला त्याचे कुलचिन्ह असते, हे दुसरे. आणि नकाशावर आडनाव जेथे दिसते तेथे ते घराणे आपल्या पायांनी चालत गेले, हे तिसरे. ही तिन्ही गृहीते खोटी आहेत असे आमचे म्हणणे आहे, आणि वॉकर या एकाच आडनावाच्या साहाय्याने ते सिद्ध करून दाखविता येते. आडनाव हा भाषेचा आणि श्रमाचा पुरावा आहे. रक्ताचा पुरावा तो क्वचितच असतो.

प्रथम अर्थाकडे वळू. लोकरीचे कापड मागावरून उतरते तेव्हा ते विरळ, तेलकट आणि खरखरीत असते. विणताना लोकरीस लावलेले तेल आणि मेंढीच्या अंगचा मूळचा स्निग्धांश त्यात तसाच असतो. असे कापड ना थंडी अडविते, ना पाऊस. म्हणून ते मोठ्या डोणीत घालीत, त्यावर पाणी आणि शिळे मूत्र ओतीत, ज्याला आपण मुलतानी माती म्हणतो त्या जातीची माती टाकीत, आणि मग उघड्या पायांनी तासच्या तास ते तुडवीत. शिळ्या मूत्रातील क्षाराने व मातीने तेल सुटे. तुडविल्याने लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून कापड आटे, दाटे आणि मऊ होई. नंतर ते लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवीत. विणकराच्या कौशल्याची कीर्ती सर्वत्र झाली. परंतु विणकराच्या कापडाला अंगावर घेण्याची योग्यता ज्याच्या टाचांनी आणली, त्या कारागिराच्या वाट्याला दुर्गंधी आणि भेगाळलेले पायच आले.

जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ असा धातू आहे. त्याचा अर्थ घोळणे, गडगडविणे, उलथेपालथे करणे. त्यापासून कापड घोळून तुडविणारा तो ‘वेआल्केरे’, आणि त्याचाच पुढे वॉकर झाला. इंग्रजीत या धातूला ‘चालणे’ हा अर्थ मागाहून चिकटला आणि जुना अर्थ लोपला. जर्मन भाषेत मात्र ‘वाल्केन’ हे क्रियापद अद्यापि लोकर दाटविण्याच्या अर्थीच नांदते, आणि त्या देशातही त्यावरून पडलेली आडनावे आहेत. म्हणजे चालणारा माणूस या नावात नंतर शिरला. आधी होता तो एका जागी उभा राहून तुडविणारा माणूस.

हा धंदा यंत्राच्या हाती फार लवकर गेला. पाण्याच्या चाकाने उचलून सोडलेले लाकडी हातोडे पायांचे काम करू लागले. इंग्लंडातील अशा गिरण्यांच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी एक ११८५ सालची, यॉर्कशायरमधील टेंपल न्यूसम येथील आहे. एलिनोरा केरस-विल्सन या विदुषीने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या स्थित्यंतराला तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती असेच नाव दिले. तिच्या सिद्धांताविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. इंग्रजांची आडनावे ज्या तेराव्या-चौदाव्या शतकांत पिढीजात होत होती, त्याच शतकांत हा धंदा नदीनाल्यांच्या काठी गावोगाव पसरला होता. शब्द आणि धंदा यांची गाठ पडली, आणि बापाच्या धंद्याचे नाव मुलाचे आडनाव होऊन बसले. पुढे मुलगा धंदा सोडून गेला तरी नाव त्याला सोडीना.

आता या आडनावाच्या प्रदेशवार वाटणीकडे पाहू. आमच्या मते सर्वांत मनोहर भाग हाच आहे, आणि सोनेरी कागद विकणाऱ्यांच्या हातून नेमका हाच निसटतो. इंग्लंडच्या उत्तरेस व पश्चिम-मध्य भागात, तसेच स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात, कापड तुडविणाऱ्याला वॉकर म्हणत. आग्नेयेस, म्हणजे केंट, ससेक्स, एसेक्स, सफोक या भागांत, त्यालाच फुलर म्हणत. हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’पासून निघाला, आणि नॉर्मन लोकांच्या फ्रेंचने त्याला बळकटी आणली. नैर्ऋत्येस, डेव्हन, सॉमरसेट व कॉर्नवॉल येथे, तोच कारागीर टकर झाला; त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘छळणे, पीडा देणे’ या अर्थाच्या धातूत आहे. कापडाचा छळ करणारा तो टकर! एक्झिटर शहरात विणकर, कापड तुडविणारे आणि कातरणारे यांच्या संघाचे पंधराव्या शतकातील सभागृह आजही उभे आहे, आणि त्याला टकर्स हॉल असेच म्हणतात. यॉर्कशायरमध्ये ते बांधले असते तर त्याला वॉकरांचे नाव मिळाले असते. दगड तेच, काम तेच, नाव तेवढे निराळे.

या वाटणीकडे विद्वानांचे लक्ष पूर्वीच गेले आहे. गप्पी या संशोधकाने १८९० साली ग्रेट ब्रिटनमधील आडनावांच्या वसतिस्थानांवर ग्रंथ लिहिला. शेतकरी वर्ग सर्वांत कमी हलतो, म्हणून त्याने शेतकऱ्यांचीच आडनावे परगणावार मोजली. पुढे १८८१ सालच्या खानेसुमारीचे सर्व कागद संगणकावर उतरविले गेले, आणि त्यावरून काढलेले नकाशे आता कोणासही पाहावयास मिळतात. त्यांत वॉकर, फुलर व टकर यांचे तीन प्रदेश असे वेगळे उमटतात, की जणू पाचसहाशे वर्षांपूर्वीच्या तीन बोलींच्या सीमाच कोणी रेखून ठेवाव्या. बोली पुसल्या गेल्या, धंदा बुडाला, डोण्या फुटून गेल्या. परंतु गावच्या लोकांनी शेजाऱ्याला ज्या शब्दाने हाक मारली, तो शब्द त्याच्या वंशजांच्या नावात जिवंत राहिला. इतका सुंदर पुरावा हाती असता त्याचा उपयोग ‘अमुक घराण्याचे मूळ गाव’ दाखविण्यासाठी करावा, यास अरसिकपणा म्हणावे की अप्रामाणिकपणा, हे वाचकांनीच ठरवावे.

कारण, एक आडनाव म्हणजे एक घराणे हे पहिले गृहीतच येथे कोसळते. जेथे जेथे मेंढी, ओढा आणि माग होते, तेथे तेथे कापड तुडविणारा होता. आणि उत्तरेत असा प्रत्येक माणूस वॉकर होण्यास पात्र होता. शेजारच्या दोन खोऱ्यांतील दोन वॉकरांत नाते असण्याचे काही कारण नाही. शिवाय सर्वच वॉकर या वाटेने आले असेही नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक भाषेत ‘कापड तुडविणाऱ्याचा पुत्र’ या अर्थाचे मॅक अन उकाडर असे आडनाव होते. इंग्रजीचा अंमल बसल्यावर त्यांतील कित्येकांनी आपल्या नावाचे सरळ भाषांतर करून वॉकर हे नाव घेतले. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचा एक भाग आहे. त्या ग्रामनामाचा अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’, आणि ती भिंत म्हणजे रोमन बादशहा हेड्रियन याची. त्या गावावरून ज्या कोणाला हे आडनाव पडले असेल, त्याचा कापडाशी काडीमात्र संबंध नाही. तेव्हा वॉकर हे एका नदीचे नाव नव्हे; ते अनेक ओढ्यांना नकळत मिळालेले एकच नाव आहे.

याचे प्रत्यंतर आता जीवशास्त्राकडूनही मिळाले आहे. पुरुषाच्या पेशीतील वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. इंग्रजांचे आडनावही त्याच वाटेने जाते. म्हणून दोन्हींची सांगड घालून पाहण्याची कल्पना निघाली. २००० साली ब्रायन सायक्स यांनी स्वतःच्याच आडनावाची परीक्षा केली, आणि तपासलेल्या सायक्स पुरुषांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांत एकच गुणसूत्र-प्रकार आढळला. पुढे लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावे घेऊन हीच तपासणी विस्ताराने केली व २००९ साली तिचे निष्कर्ष मांडले. अॅटनबरोसारख्या विरळ आडनावांत बहुतेकांचा मूळपुरुष एक निघाला. स्मिथसारख्या बहुप्रचलित आडनावांत मात्र रस्त्यावरून कोणीही दोन माणसे उचलावीत त्याहून अधिक नाते आढळले नाही.

येथे आम्हांस प्रतिपक्षाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. विरळ आडनावाच्या बाबतीत एक नाव, एक घराणे ही कल्पना कधी कधी खरी ठरते, आणि सायक्सच्या बाबतीत तर अनेक उगम मानणारे कोशकारच अडचणीत आले. परंतु ही सवलत घेऊन व्यापाऱ्यांचे काम भागत नाही. विरळ आडनावांना गिऱ्हाईक विरळ! त्यांचा सोनेरी कागद खपतो तो स्मिथ, टेलर, राइट, वॉकर यांच्या घरी. आणि सिद्धांत जेथे लागूच पडत नाही ती ठिकाणे तीच. इंग्लंड व वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलने १८५३ सालच्या नोंदींवरून पन्नास बहुप्रचलित आडनावांची यादी केली, तीत वॉकर पहिल्या विसांत होते, आणि आजही ते तेथेच आहे. इतक्या मोठ्या समुदायाला एक आजोबा देणे, हे इतिहासाचे काम नव्हे. ते पुराणिकाचे काम होय, आणि पुराणिक निदान दक्षिणा घेताना पुराण सांगतो असे म्हणतो.

दुसरे गृहीत कुलचिन्हाचे. याचा निकाल एका वाक्यात लागतो. इंग्लंडात कुलचिन्हे देण्याचा अधिकार राजाच्या वतीने ज्या संस्थेस आहे, ती कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था १४८४ सालापासून चालत आली आहे. आणि कोणत्याही आडनावाचे म्हणून कुलचिन्ह नसते, असे ती संस्थाच स्पष्ट सांगते. कुलचिन्ह एका विशिष्ट व्यक्तीस दिले जाते, आणि तिच्या सरळ वंशजांस त्यावर वारसा सांगता येतो. एखाद्या वॉकरास कोणे एके काळी ढाल मिळाली असेल. म्हणून सर्व वॉकरांनी ती भिंतीवर टांगणे म्हणजे गावातील एका पाटलाच्या पागोट्यावर सर्व पाटलांनी हक्क सांगण्यासारखे आहे.

परंतु कायद्याहून निराळी आणि अधिक खोल अशी एक गोष्ट येथे आहे. ज्या आडनावाच्या अक्षरांत एका कष्टकऱ्याच्या भेगाळलेल्या टाचा आहेत, त्यावर सिंहाचे चित्र कशासाठी चिकटवायचे? डोणीत उभ्या असलेल्या आजोबांची लाज वाटते म्हणूनच ना? आम्ही म्हणतो, सिंहाने जगाला काय दिले? कापड तुडविणाऱ्याने थंडीत कुडकुडणाऱ्या एका सबंध देशाला पांघरूण दिले. इंग्लंडची मध्ययुगीन संपत्ती लोकरीवर उभी होती, आणि त्या लोकरीचे कापड या माणसाच्या पायांखालून गेल्यावाचून बाजारात जात नव्हते. असा पूर्वज ज्याला पुरत नाही, आणि म्हणून जो कोणा सरदाराचा काल्पनिक वंशज होऊ पाहतो, तो आपल्या पूर्वजाचा गौरव करीत नाही. तो त्याला दुसऱ्यांदा तुडवितो.

तिसरे गृहीत नकाशाचे, आणि त्यातील असत्य सर्वांत क्रूर आहे. प्रथम इंग्लंडापुरते बोलू. यॉर्कशायर व लँकेशायरमध्ये वॉकर दाट आहेत, म्हणून मध्ययुगात तेथेच सर्वांत अधिक कापड तुडविणारे होते, असे अनुमान करणे धोक्याचे आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथे गिरण्या आल्या, कोळशाच्या खाणी आल्या, गावांची शहरे झाली, आणि जी आडनावे तेथे आधीच होती त्यांची संख्या लोकसंख्येबरोबर फुगली. ज्या परगण्यांतून उद्योग निघून गेला तेथील आडनावे त्या मानाने वाढली नाहीत. म्हणजे आजच्या नकाशातील रंग हा अर्धा चौदाव्या शतकाचा आणि अर्धा वाफेच्या यंत्राचा आहे. जो नकाशा दोन काळांचे एकत्र बोलतो, त्याला एकाच काळाचा साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही.

आता हाच नकाशा अटलांटिकपलीकडे न्या. अमेरिकेच्या २००० सालच्या खानेसुमारीत पाच लाखांहून अधिक माणसांचे आडनाव वॉकर होते, आणि त्यांतील सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय होते. सोनेरी कागदावर याचे वर्णन ‘वॉकर घराण्याचा नव्या जगात प्रसार’ असे असते. आम्ही विचारतो, कोणाचा प्रसार? या माणसांचे पूर्वज यॉर्कशायरमधून निघाले नव्हते. त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साखळदंडांत बांधून आणले होते. अमेरिकन सरकारने १८५० व १८६० साली गुलामांच्या ज्या याद्या केल्या, त्यांत धन्याचे नाव आहे. त्याच्या खाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण तेवढे आहेत, आणि त्यांची स्वतःची नावे बहुधा नाहीत. कृष्णवर्णीय अमेरिकनांची सरसकट नावानिशी नोंद झाली ती १८७० सालच्या खानेसुमारीत, म्हणजे गुलामगिरी मोडल्यानंतर. तेथे अनेकांपुढे वॉकर हे आडनाव दिसते. ते काहींना धन्याकडून चिकटले, काहींनी आधीच्या धन्याचे घेतले, काहींनी स्वतः निवडले, आणि काहींच्या घरी ते धन्याच्या नकळत कित्येक वर्षे चालत आले होते.

या शेवटच्या गोष्टींस महत्त्व आहे. कारण गुलामाचे आडनाव म्हणजे धन्याचे आडनाव, हीसुद्धा एक आळशी समजूत आहे. मॅसॅच्युसेट्स प्रांतात क्वॉक वॉकर या गुलामाने १७८१ साली आपल्या स्वातंत्र्यासाठी न्यायासनापुढे धाव घेतली, आणि १७८३ पर्यंत चाललेल्या त्या खटल्यांनी त्या प्रांतातील गुलामगिरीचा पाया उखडला. त्याला आपला म्हणविणाऱ्या धन्याचे आडनाव जेनिसन होते, वॉकर नव्हे. १८२९ साली बॉस्टन येथे डेव्हिड वॉकर या कृष्णवर्णीय गृहस्थाने गुलामगिरीविरुद्ध जे जळजळीत पत्रक छापले, त्याच्या धास्तीने दक्षिणेतील संस्थानांनी ते बाळगण्यास बंदी केली. हा डेव्हिड वॉकर जुन्या कपड्यांचा दुकानदार होता. जॉर्जियात १९४४ साली जन्मलेल्या अॅलिस वॉकर यांना १९८३ साली कादंबरीलेखनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या तिघांनी वॉकर या नावाला जी प्रतिष्ठा आणून दिली, ती कोणत्याही ढालीवरील सिंहाने आणून दिली नाही. परंतु एकच रंग भरलेल्या नकाशात जुलूम, प्रतिकार आणि लग्न, सर्व सारखेच दिसते. पळवून आणलेल्या माणसाला ‘पसरलेल्या घराण्या’त जमा करणे, हे आडनावाच्या नावाखाली केलेले दुसरे अपहरण आहे.

यावर कोणी म्हणेल की आपण उगाच डोंगर पोखरीत आहा. लोक हौसेने चार पैसे खर्चून कागद घेतात, भिंतीवर लावतात, त्यात कोणाचे काय गेले? हौसेला आमचा विरोध नाही. खरा इतिहास शोधण्याची हौस असेल तर साधने मुबलक आहेत. पॅरिशांची दप्तरे आहेत, मृत्युपत्रे आहेत, १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या आहेत. त्यांत यॉर्कशायरच्या पश्चिम भागातील कित्येकांच्या नावापुढे त्यांचा धंदाही लिहिलेला आहे. हँक्स, कोट्स व मॅक्लूर यांनी संपादिलेला ब्रिटन व आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावांची चर्चा आहे, आणि जुन्या नोंदी दाखविल्यावाचून अर्थ सांगावयाचा नाही, ही त्याची शिस्त आहे. ही वाट कष्टाची आहे, आणि तिच्या शेवटी सरदार भेटण्याऐवजी डोणीतला मजूर भेटण्याचा संभव अधिक आहे. परंतु तो खरा असतो. जो व्यापार या खऱ्या माणसाला पुसून त्याच्या जागी चित्रातला सिंह बसवितो, त्याने कोणाचे काही गेले नाही असे म्हणता येत नाही. ज्याचे गेले तो बोलू शकत नाही, एवढेच.

शेवटी आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, परक्यांच्या आडनावांचे हे दळण आपण का दळावे? त्याला आमचे उत्तर आहे की हेच गृहीत आपल्या घरातही सुखाने नांदत आहे. नवा मनुष्य भेटला की आपण त्याचे आडनाव विचारतो, आणि ते ऐकताच मनातल्या मनात त्याची जात, त्याचे कूळ आणि त्याची योग्यताही ठरवून मोकळे होतो. वस्तुतः पाटील हे कुळाचे नाव नव्हे, गावकीच्या अधिकाराचे आहे. मराठ्यांत पाटील आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, आगरी-कोळ्यांतही आहेत. देशमुखी ब्राह्मणाकडे होती, मराठ्याकडे होती, कायस्थ प्रभूकडेही होती. ‘कर’ लावून होणारे आडनाव गाव सांगते. त्या गावातून कोण निघाले हे ते सांगत नाही. तरीही समान आडनावावरून समान रक्त, आणि निराळ्या आडनावावरून निराळे रक्त, हे गणित आपण बिनदिक्कत मांडतो. सोनेरी कागद विकत घेणाऱ्या साहेबाला हसण्याचा अधिकार आपणांस तेव्हाच येईल, जेव्हा आडनाव ऐकून माणसाचे मोल करण्याची सवय आपण सोडू.

आणि आडनाव रक्ताने चालते असे ज्यांस अजूनही वाटते, त्यांस आम्ही मुंबईचेच उदाहरण देतो. हिंदुस्थानात वॉकर म्हटले की सामान्य माणसास ना बडोद्याचा रेसिडेंट आठवत, ना यॉर्कशायरमधील डोणी. त्याला जॉनी वॉकर हा हसवणारा नट आठवतो. हा गृहस्थ इंदूरकडचा, मूळ नाव बद्रुद्दीन काझी. मुंबईच्या बेस्टच्या बसगाडीत तिकिटे फाडता फाडता तो चित्रपटात आला, आणि गुरुदत्तांनी एका दारूच्या नावावरून त्याला हे नाव दिले. ती दारू ज्याच्या नावाने विकली जाते, तो जॉन वॉकर हा स्कॉटलंडातील किल्मारनॉक गावचा वाणी; त्याने १८२० साली तेथे दुकान मांडले होते. कापड तुडविणाऱ्यापासून वाण्यापर्यंत, वाण्यापासून बाटलीपर्यंत आणि बाटलीपासून मुंबईच्या मुसलमान नटापर्यंत हा शब्द आला. या वाटेवर शेवटी रक्ताचा एक थेंबही त्याच्याबरोबर आला नाही. तरी तो शब्द खोटा ठरला नाही, आणि तो नटही नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की आडनाव वाचावयाचे असेल तर शब्द म्हणून वाचा. तो कोणत्या बोलीत जन्मला, कोणत्या कामासाठी जन्मला, कोणाच्या तोंडून कोणाला लागला, हे विचारा. तो पुष्कळ सांगेल. त्याला फक्त आजोबांचे नाव विचारू नका. ते त्याला बहुधा ठाऊक नसते.